गॅमा कॅमेरा आणि गणिताची पदवी

प्रश्न : मी गणिताच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. वैद्यकीय इमेजिंगची ओढ आहे, पण प्रयोगशाळेत मन रमत नाही. गॅमा कॅमेऱ्यात (रुग्णाला दिलेल्या किरणोत्सारी औषधाचे गॅमा किरण टिपून चित्र काढणारं यंत्र) प्रकाश कुठे किती पोहोचतो हे संगणक मॉन्टे कार्लो पद्धतीने, म्हणजे असंख्य यादृच्छिक चाचण्या करून, काढतोच, मग गणितवाल्याचं तिथे काय काम, असं मित्र म्हणतात.

उत्तर : काम आहे, आणि चांगलं आहे. टेक्नेशियम या किरणोत्सारी मूलद्रव्याचा 140 केईव्ही (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट) ऊर्जेचा एक गॅमा किरण सोडियम आयोडाइडच्या स्फटिकात शोषला गेला, की सुमारे 5,300 प्रकाशकण सुटतात. मॉन्टे कार्लोत एकेकाचा माग काढावा लागतो, दर परावर्तनाला नवा हिशेब. एका रचनेसाठी ठीक आहे. पण स्फटिकाची जाडी, प्रकाश टिपणाऱ्या संवेदकाचा आकार, मधली काच बदलत शेकडो रचना तपासायच्या असतील, तर संगणकापुढे बसून राहावं लागतं. तिथे सूत्र लागतं.

एक उदाहरण घे. चौरस संवेदकाच्या बरोबर मध्यावर, त्याच्या बाजूच्या लांबीच्या निम्म्या उंचीवरून प्रकाश निघाला असं समज. मग तो संवेदक म्हणजे त्या बिंदूभोवतीच्या घनाचं एक पृष्ठच, आणि सहाही पृष्ठं सारखी! थेट प्रकाशाचा सहावा हिस्सा, साधारण 880 कण, इंटिग्रलशिवाय हाती आला. संवेदकात त्यातल्या चौथाईचेच इलेक्ट्रॉन झाले, तर 220. पॉयसाँच्या नियमाने (चढउतार म्हणजे संख्येचं वर्गमूळ) चढउतार 15चा, म्हणजे जवळपास 7 टक्के. आता बिंदू बाजूला सरकव, घनकोनाचं (बिंदूपासून संवेदक दिशांचा किती हिस्सा व्यापतो त्याचं) सूत्र मांड आणि पायथॉनमध्ये यादृच्छिक दिशा सोडून पडताळून बघ. यात रमलीस, तर हे क्षेत्र तुझं आहे.

खरी कसोटी स्फटिकाच्या कडेला लागते. हॅल अँगर यांनी 1950च्या दशकात बांधलेल्या कॅमेऱ्यात संवेदकांच्या संकेतांच्या भारित सरासरीवरून (जिथे संकेत मोठा तिथे वजन जास्त) किरण कुठे शोषला गेला ती जागा ठरते. कडेजवळ ती आतल्या बाजूला ओढली जाते. सांख्यिकी पद्धतीने हे सुधारता येतं, पण त्यासाठी प्रत्येक बिंदूपासून कुठे किती प्रकाश अपेक्षित आहे, ते आधी माहीत हवं. तुझं झटपट सूत्र नेमकं तेच पुरवतं. मात्र नुसता घनकोन तिथे अपुरा पडतो, कडेवरून परतणारा प्रकाशही मांडावा लागतो.

म्हणून प्रयोगशाळा टाळू नकोस. हाताने मोजलेल्या आकड्यांशी ताडल्याशिवाय सूत्रावर कोणी विसंबणार नाही. पदव्युत्तर शिक्षणात उपयोजित गणित किंवा भौतिकशास्त्र घे, सोबत संभाव्यता, प्रकाशशास्त्र, सी प्लस प्लस आणि गेट हे सिम्युलेशन सॉफ्टवेअर. संशोधनाच्या जागांसाठी बहुधा पीएचडी लागेल. रुग्णालयातल्या मेडिकल फिजिसिस्टची वाट वेगळी आहे. तिथे भौतिकशास्त्राची पात्रता मागतात, तेव्हा प्रवेशाचे नियम आत्ताच वाचून ठेव.