वाचकांचे प्रश्न : किलो, न्यूटन आणि दुधाची डिग्री

प्रश्न : दुकानात ‘तांदळाचं वजन 5 किलो’ म्हणतात. पेपरात मी तसंच लिहिलं तर गुण कापले. मग दुकानदार चुकतो का? आणि पन्हाळ्यावर गेलो तर माझं वजन कमी भरेल का?
– नववीतला विद्यार्थी, राजारामपुरी

दुकानदार चुकत नाही. तो पैसे घेतो ते तांदूळ किती आहे त्याचे, म्हणजे वस्तुमानाचे. ते किलोग्रॅममध्येच मोजायचं. पेपरात ‘वजन काढा’ म्हटलं की पृथ्वी त्या तांदळाला किती बलाने खेचते ते विचारलेलं असतं आणि बलाचं एकक न्यूटन. 5 किलोग्रॅमला पृथ्वीच्या गुरुत्व त्वरणाने, म्हणजे 9.8 ने गुणलं की 49 न्यूटन. चंद्रावर 9.8 च्या जागी 1.62 घे, उत्तर 8.1 न्यूटन येईल. तांदूळ मात्र 5 किलोच राहील आणि भातही तेवढाच होईल.

वस्तुमान म्हणजे नेमकं काय, हे तोलण्यापेक्षा ढकलण्यातून चांगलं कळतं. घरगुती सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस असतो. भरलेलं आणि रिकामं सिलिंडर चाकाच्या पाटावर ठेवून ढकलून बघ. पाट सपाट आहे, उचलायचं काहीच नाही, तरी भरलेलं सिलिंडर हलवायला आणि थांबवायला जास्त जोर लागतो. अंतराळस्थानकात दोन्ही तरंगतील, काटा दोघांचं शून्य दाखवेल, पण ढकलताना हा फरक हाताला तिथेही तसाच जाणवेल.

पन्हाळ्याचं उत्तर ‘हो’ असं आहे, पण काट्यावर ते दिसणार नाही. दर 100 मीटर चढाईला 50 किलोच्या माणसामागे काट्यावर दीड ग्रॅम कमी व्हावा. प्रत्यक्षात त्याहूनही कमीच होतो, कारण पायाखालचा डोंगरही खेचत असतो. वाटेत प्यालेला पाण्याचा घोटसुद्धा याहून जड.

खरा फरक पडतो तो दूरच्या गावी जुळवलेला काटा आणला तर. दोन पारड्यांचा तराजू वस्तू आणि मापं यांची तुलना करतो, त्यामुळे तो कुठेही खरंच बोलतो. इलेक्ट्रॉनिक काटा मात्र खालच्या लोडसेलवर (दाब ओळखणाऱ्या भागावर) पडणारं बल मोजतो आणि त्याला ठरावीक संख्येने भागून किलो दाखवतो. कोल्हापुरात गुरुत्व त्वरण साधारण 9.78 आहे. 9.81 असलेल्या ठिकाणी जुळवलेला काटा इथे तसाच वापरला, तर 10 किलोला सुमारे 30 ग्रॅम कमी दाखवेल. म्हणून बारीक काटा वापराच्या जागी प्रमाणित वजन ठेवून जुळवून घ्यायचा असतो.

प्रश्न : तेलाचा 15 लिटरचा डबा आणि 15 किलोचा डबा एकच ना? दुकानदार भाव वेगळा सांगतो.
– गृहिणी, शाहूपुरी

एकच नाही. खाद्यतेलाची घनता लिटरला सुमारे 910 ते 920 ग्रॅम असते. 910 धरली तर 15 लिटर तेल भरतं 13.65 किलो, म्हणजे 15 किलोच्या डब्याहून 1.35 किलो कमी. तेल उन्हाळ्यात प्रसरण पावतं, त्यामुळे लिटर बदलतात, ग्रॅम बदलत नाहीत. भावाची तुलना करायची ती डब्यावरच्या निव्वळ वजनाच्या आकड्यावरूनच.

प्रश्न : आमच्या म्हशीचं दूध दाट, फॅट चांगली लागते, पण सकाळी डिग्री कमी भरते. पाण्याचा थेंब घालत नाही. केंद्रावर संशय घेतात.
– दूध उत्पादक, भुदरगड तालुका

संशय घेण्याआधी दुधाचं तापमान बघायला हवं. डिग्री दाखवणारा लॅक्टोमीटर, म्हणजे दुधात तरंगत ठेवायचं मापक, घनता मोजतो, दाटपणा नाही. डिग्री 30 म्हणजे दुधाची घनता पाण्याच्या 1.030 पट. ती कमी भरण्याची पाणी सोडून तीन साधी कारणं आहेत.

पहिलं कारण म्हणजे गरम दूध. ताजं दूध शरीराच्या उष्णतेचं असतं आणि गरम दूध घनतेला हलकं भरतं. लॅक्टोमीटरवर तो कोणत्या तापमानाला जुळवलाय ते छापलेलं असतं, बऱ्याचदा 27 अंश. त्यावरच्या दर अंश सेल्सिअसला साधारण 0.2 डिग्री कमी दिसते. 35 अंशाच्या दुधात दीड-एक डिग्री अशीच जाते, ती परत मिळवून धरायची.

दुसरं म्हणजे फेस आणि हवा. धारेबरोबर दुधात हवा मिसळते. शिवाय काढल्यानंतर काही तास दुधाची घनता आपोआप थोडी वाढत राहते, कारण स्निग्धांश हळूहळू घट्ट होतो. दूध थोडं निवू द्या, मग भांडं अलगद वरखाली करून दूध एकजीव करा. घुसळू नका. नळीत कडेने ओता आणि लॅक्टोमीटर नळीच्या कडेला चिकटलेला नाही ना, ते पाहून आकडा वाचा.

तिसरं कारण स्वतः फॅट. दुधातली चरबी पाण्याहून हलकी, घनता 0.93 च्या आसपास. प्रथिनं, साखर, क्षार हे जड. फॅट वाढली आणि बाकीचे घटक तेवढेच राहिले तर डिग्री उतरते.

केंद्रवाल्यांनीही एवढं ध्यानात ठेवावं : साय काढली की डिग्री चढते, पाणी घातलं की उतरते. दोन्ही केलं तर आकडा पुन्हा 30 वर येतो. एकट्या डिग्रीवरून प्रामाणिक माणूस अडकतो आणि दोन्ही करणारा सुटतो. म्हणून फॅट, डिग्री आणि तापमान हे तिन्ही आकडे एकत्र बघितल्याशिवाय कुणावर ठपका ठेवू नये.

प्रश्न : हुपरीहून चांदीचं नाणं आणि पैंजण घेतले. घरी घनतेवरून चांदी खरी आहे का, कळेल?
– वाचक, इचलकरंजी

नाण्याचं बऱ्यापैकी कळेल, पैंजणाचं फारसं नाही.

काटा 0.01 ग्रॅम दाखवणारा घ्या. समजा कोरडं नाणं 40.00 ग्रॅम भरलं. उकळून गार केलेलं पाणी ग्लासात घेऊन त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका, म्हणजे बुडबुडे चिकटत नाहीत. ग्लास काट्यावर ठेवून काटा शून्य करा. नाणं बारीक नायलॉनच्या दोऱ्याने बांधा, दोरा एखाद्या आडव्या काठीला अडकवा आणि नाणं पूर्ण बुडवा. तळाला, कडेला टेकू देऊ नका. पाणी नाण्याला वर रेटतं, नाणं पाण्याला तेवढंच खाली रेटतं, आणि काटा ते दाखवतो. एक घनसेंटीमीटर पाणी एक ग्रॅमचं, म्हणून जितके ग्रॅम दिसतील तितके घनसेंटीमीटर नाण्याचं आकारमान.

शुद्ध चांदीची घनता घनसेंटीमीटरला 10.49 ग्रॅम. म्हणजे 40 ग्रॅमच्या नाण्याला काटा 3.8 च्या जवळ हवा. जर्मन सिल्व्हर (चांदीसारखा दिसणारा, पण चांदी नसलेला मिश्रधातू) असेल तर 4.6 च्या जवळ दिसेल. एक ग्रॅमचा स्वयंपाकघरातला काटा इथे उपयोगाचा नाही, तो दोन्हीकडे 4 किंवा 5 असं काहीतरी सांगेल.

चुका होतात त्या बहुतेक एकाच दिशेने. नाणं तळाला टेकलं तर त्याचं वजनही काट्यावर येतं, बुडबुडा चिकटला तर आकारमान फुगतं. दोन्हीत घनता कमी येते आणि चांगली चांदी खोटी वाटते. आकडा कमी आला तर सोनाराशी भांडायच्या आधी दोनदा मोजा.

टंच, म्हणजे शंभरात चांदी किती, तो मात्र असा कळायचा नाही. 80 टंच चांदीत उरलेलं तांबं धरलं तरी घनता 10.1 च्या पुढेच राहते. 40 ग्रॅममागे फरक पडतो जेमतेम 0.13 ग्रॅमचा आणि नाणं तळाला जरा टेकलं तरी तेवढा फरक सहज पडतो. पैंजणात घुंगरं पोकळ, आत हवा अडकते, वर झाळ दिलेली. तिथे मिळणारा आकडा चांदीचा नसून चांदी, झाळ आणि हवा यांचा मिळून असतो.

उलट बाजूही ध्यानात घ्या. शिसं चांदीहून जड (11.34), तांबं हलकं (8.96). दोन्हींचा मेळ साधून वर मुलामा दिला तर घनता चांदीइतकीच येऊ शकते. घनता चुकली तर ती शुद्ध चांदी नाही हे पक्कं, जुळली तर चांदी असू शकते एवढंच. शंका उरली तर एक्स-रे यंत्रावर तपासून घ्या. ते यंत्र पृष्ठभागाजवळचाच थर पाहतं आणि घनता आख्खं नाणं पाहते, म्हणून दोन्ही उत्तरं जुळायला हवीत.