मांडीतून नळी घालून हृदयाची झडप बसवतात, त्यात इंजिनिअरला अवघड काय जातं?

तुम्ही लिहिलंय की आत्याच्या महाधमनीची झडप छाती न उघडता मांडीतून बदलली. २३ मिलिमीटरची झडप पेन्सिलीपेक्षा बारीक नळीतून गेली कशी, आणि मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलाला या क्षेत्रात करण्यासारखं काय आहे, हे दोन प्रश्न.

अंधेरीच्या एमआयडीसीत गेली अकरा वर्षं मी या नळ्याच करतेय. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. झडप म्हणजे धातूची जाळी, आणि तिच्यात शिवलेल्या, गुरांच्या किंवा डुकराच्या हृदयावरच्या आवरणाच्या पातळ पाकळ्या. छत्रीसारखी मिटते. कोबाल्ट-क्रोमियमची जाळी फुग्यावर आवळून बसवतात आणि जागेवर पोचली की फुगा फुगवतात. नायटिनॉल या निकेल-टायटेनियमच्या मिश्रधातूची जाळी बर्फाच्या सलाइनमध्ये मऊ पडते, तेव्हा ती कॅप्सूलमध्ये, म्हणजे नळीच्या टोकाच्या पोकळ वेष्टनात, कोंबतात. शरीराच्या उबेत कॅप्सूल मागे ओढली की जाळी आपसूक उघडते. हे सगळं कॅथलॅबमध्येच, म्हणजे अशा नळ्या घालायच्या खोलीत, पेशंट टेबलावर असताना चालतं, कारण पाकळ्या तोवर सहसा ग्लुटराल्डिहाइड या टिकवणाऱ्या द्रावाच्या बाटलीत असतात.

जाडी आम्ही फ्रेंचमध्ये मोजतो. ३ फ्रेंच म्हणजे १ मिलिमीटर. २००२ साली फ्रान्समधल्या रूआं इथे अलां क्रिबिए यांनी माणसात पहिली झडप अशी बसवली, तेव्हा शीथ, म्हणजे रक्तवाहिनीत शिरायची वाट करणारी नळी, २४ फ्रेंचची होती, म्हणजे ८ मिलिमीटर. पेशंटच्या पायाच्या धमन्या कामाच्या नव्हत्या, म्हणून ते शिरेतून गेले आणि हृदयाच्या आतला पडदा छेदून पलीकडे पोचले. आज १४ फ्रेंचची शीथ सर्रास मिळते. आणि हो, शीथवरचा आकडा आतल्या पोकळीचा असतो, तिच्यातून झडप आत नेणाऱ्या कॅथेटरवरचा बाहेरच्या जाडीचा. नवी मुलं इथे हमखास फसतात.

मिलिमीटरच्या एकेका दशांशासाठी काय काय करतात बघा. एडवर्ड्स कंपनीची सॅपियन ३ ही झडप फुग्यावर आवळतच नाहीत, फुग्याच्या मागे दांड्यावर आवळतात. झडप आणि फुगा एकावर एक आले की जाडी वाढते. महाधमनीच्या सरळ भागात पोचल्यावर मग फुगा मागे ओढून झडपेखाली आणतात. वापीच्या मेरिल कंपनीची मायव्हॅल झडप मात्र बाहेरच, थेट फुग्यावर आवळतात. जाडीचा हिशेब त्यांनी दुसरीकडे भागवला, पण धमनीतली एक खटपट वाचली. मला हा दुसरा विचार जास्त आवडतो.

आता अवघड काय ते. कॅप्सूलवाल्या प्रकारात हँडल मांडीपाशी, झडप मीटरभर आत, आणि मधे महाधमनीची कमान. कॅप्सूल बाहेरच्या नळीच्या टोकाला, झडप आतल्या दांड्यावर. डॉक्टर हँडलचा नॉब फिरवतात तेवढी कॅप्सूल सरकत नाही. परकराच्या नेफ्यात नाडी ओवली असेल तर कळेल: नाडी ओढली की नेफा चुण्या पडून गोळा होतो. तसंच, बाहेरची नळी ओढली की ती ताणली जाते आणि आतला दांडा आखडतो. चार फेरे काहीच होत नाही, मग घर्षण सुटतं आणि साठलेला सगळा ताण एकदम मोकळा होतो. झडप उडी मारते. दोनचार मिलिमीटर खाली गेली तर हृदयाच्या वायरिंगवर दाब येऊन पेसमेकर लागू शकतो. फार वर गेली तर हृदयाला रक्त देणाऱ्या धमन्यांची तोंडं तिथेच आहेत.

आमचं एक डिझाइन टेबलावर, नळी सरळ ठेवून, झकास पास झालं. सिलिकॉनच्या कमानीत घातलं आणि अडकलं. चूक माझीच होती. मी घर्षण सरळ नळीचं धरलं होतं. भाऊच्या धक्क्यावर लाँचचा दोर खुंट्याला दोन वेढे देऊन एकटा खलाशी ती धरून ठेवतो, ते ज्या गणिताने, त्याच गणिताने कमान आमच्या नळीला धरते. बळ कोनाबरोबर घातांकाने वाढतं. घर्षणांक ०.२ आणि अर्धा वेढा धरला तर १.८७ पट, जवळजवळ दुप्पट. घर्षणांक ०.१ वर आणला तर १.३७. आतल्या पीटीएफईच्या, म्हणजे टेफ्लॉनच्या, अस्तरावर एवढा खर्च का होतो ते यावरून दिसेल.

पण अस्तर बदलूनही पुरतं सुटेना. दुसरा गुन्हेगार शोधायला तीन आठवडे गेले. बाहेरच्या नळीच्या भिंतीत स्टीलच्या तारांची वीण असते, तिने पीळ टोकापर्यंत पोचतो. पण विणलेली नाडी ओढून बघा, लांब होते आणि बारीकही होते. आमची नळी ताणली की बारीक होऊन आतल्या दांड्यालाच आवळत होती. जितकं ओढावं तितकी घट्ट! उपाय साधा निघाला: विणीसोबत काही तारा लांबीने सरळ टाकल्या, म्हणजे ताण त्या घेतात. आतल्या दांड्याला चिकटून गुंडाळलेली स्प्रिंग दिली. तिचे वेढे एकमेकांना टेकलेले असल्याने ती वाकते, पण आखडत नाही. सायकलच्या ब्रेकचं बाहेरचं वेष्टन कापून बघा, तेच आहे.

बाकी मऊ-कडकपणाचा खेळ. बाहेरचं पेबॅक्स प्लास्टिक टोकाला शोअर ३५ डी, हँडलकडे ७२ डी, मधे टप्प्याटप्प्याने; शोअर डी हे कडकपणाचं माप, आकडा मोठा तितकं कडक. टोक मऊ नसेल तर कमानीची भिंत खरवडतं आणि निघालेला चुरा मेंदूकडे जाऊ शकतो. झडपेची २० कोटी उघडझाप चाचणी होते. आमची नळी एकदा वापरून कचऱ्यात.

तुमच्या प्रोजेक्टसाठी: मुंबईतल्या नागदेवी स्ट्रीटवरून एक स्प्रिंगकाटा आणि ब्रेकची केबल घ्या. केबल आधी सरळ, मग पाव वेढा, मग अर्धा वेढा वाकवून, टोकाला एकच वजन लावून ओढा. प्रत्येक वेळी काटा किती दाखवतो आणि टोक किती सरकतं, दोन्ही लिहा. मग वेष्टन काढून त्याजागी साधी प्लास्टिकची नळी घाला आणि पुन्हा मोजा.