देश नक्की कुठून सुरू होतो?

प्रश्न : माझं माहेर चिपळूणचं, सासर कराडचं. माहेरी सगळे म्हणतात 'हिला देशावर दिलीय', आणि सासरी कुणाला विचारावं की हा देश कुठून सुरू होतो, तर कुणाला माहीतच नाही. कुंभार्ली घाट चढला की देश का?
– एक वाचक, कराड

सासरच्यांना माहीत नसणारच हो, कारण हे नाव त्यांनी ठेवलेलंच नाही. 'देशस्थ' हा जातीतला शब्द सोडला तर कराडचा माणूस स्वतःला कधी 'मी देशावरचा' म्हणतो का? तो म्हणतो मी कराडचा, फार तर सातारा जिल्ह्यातला. 'देशावर' हा खास कोकणातून वर मान करून बघणाऱ्याचा शब्द, म्हणून तर कोकणा'त' आणि देशा'वर'.

आता हद्द. पुढच्या वेळी चिपळूणहून एसटीने येताना खिडकीची जागा पकडा. पोफळी गेलं की गाडी घाटाला लागते, कानांना दडे बसतात, वर पोचलात की वाटेल आला देश, पण हेळवाक, कोयनानगर बघा, तोच धो धो पाऊस, तीच भातखाचरं, नाचणी, तांबडी माती, घरांची उतरती छपरंसुद्धा तशीच. हा घाटमाथा, म्हणजे ना धड कोकण ना धड देश. पाटण मागे पडलं की पाऊस ओसरत जातो, माती काळी व्हायला लागते, ऊस दिसतो, आणि कराडात कृष्णा-कोयनेच्या संगमापाशी आलात की हॉटेलात न विचारता ज्वारीची भाकरी ताटात पडते. माझ्या मते देश तिथे सुरू होतो, घाटाच्या पाटीपाशी नाही. तुमच्या माहेरचे अर्थात पाटीच धरतील, आणि त्यांचंही चूक नाही, शब्द त्यांचाच आहे.

जाता जाता, मुंबईतला 'घाटी' हा शब्दही ह्याच घाटावरून आला, घाटावरून पोट भरायला आलेला तो घाटी. पुढे मुंबईत सरसकट सगळ्याच मराठी माणसांना हिणवायला तो वापरायला लागले आणि कोकणातला चाकरमानीही घाटी झाला, ज्याने आयुष्यात घाट चढलेला नाही.

प्रश्न : आम्ही पनवेलचे, पण लोकसभेला मत 'मावळ'ला देतो. आम्ही मावळात कधी गेलो?
– एक वाचक, पनवेल

गेला नाहीत, आणणाऱ्यांनी कागदावर आणलं. मतदारसंघांच्या फेररचनेत पनवेल, कर्जत, उरण हे घाटाखालचे आणि मावळ, चिंचवड, पिंपरी हे घाटावरचे असे सहा विधानसभा मतदारसंघ एकत्र बांधले, 2009 ला पहिली निवडणूक झाली. जुनी मावळं म्हणजे पुण्याच्या पश्चिमेला सह्याद्रीच्या कुशीतली नद्यांची खोरी, पवन मावळ, आंदर मावळ वगैरे, आणि सूर्य मावळतो त्या बाजूचं ते मावळ अशी व्युत्पत्ती सांगतात. त्या हिशोबाने तुमचं पनवेल मावळाच्याही पलीकडे मावळतं!

प्रश्न : समुद्र पश्चिमेला, समुद्राला लागून कोकण, मग 'पश्चिम महाराष्ट्र' पुणे-सातारा-सांगली-कोल्हापूर-सोलापूर कसा? सोलापूर तर पार कर्नाटकच्या हद्दीवर.
– एक वाचक, रत्नागिरी

प्रश्न एकदम बरोबर आहे आणि नकाशा घेऊन बसलात तर उत्तर सापडणार नाही. हे नाव दिशेचं कमी आणि वाटणीचं जास्त. राज्य 1960 ला झालं तेव्हा विदर्भ आधी मध्य प्रांतातला, मराठवाडा निजामाच्या राज्यातला, ह्या दोघांच्या मानाने जुन्या मुंबई इलाख्यातला घाटावरचा भाग पश्चिमेला पडतो. कोकणाला स्वतःचं नाव आधीपासून होतंच, त्यामुळे ते ह्या हिशोबात धरायची गरजच पडली नाही. त्यात साखर कारखाने, दूध संघ आणि त्यांवर उभं राहिलेलं राजकारण आलं आणि 'पश्चिम महाराष्ट्र' म्हटलं की लोकांना दिशा नाही, सत्ता आठवायला लागली.

सरकारी कागद तर आणखी गमतीचा. महसूल विभाग सहा, त्यात पश्चिम महाराष्ट्र नावाचा एकही नाही, आहे तो पुणे विभाग. आणि घटनेच्या कलम 371(2) खाली 1994 ला विकास मंडळं झाली ती तीन, विदर्भ, मराठवाडा आणि 'उर्वरित महाराष्ट्र'. म्हणजे तुमची रत्नागिरी, कोल्हापूर आणि पार तिकडचं नंदुरबार एकाच गाठोड्यात. उर्वरित! पंगत उठल्यावर पातेल्यात राहिलेल्या भातासारखं.

प्रश्न : आमच्याकडे मुलीसाठी स्थळ आलं तर आजी पहिलं विचारते, 'घाटावरचं की घाटाखालचं?' पुण्याच्या मैत्रिणीला वाटलं कोकणातलं स्थळ आलंय. आमचा सह्याद्रीशी काय संबंध?
– एक वाचक, बुलडाणा

काही नाही, तुमचा घाट अजिंठ्याच्या डोंगराचा. बुलडाणा, चिखली, मेहकर, लोणार घाटावर, आणि राजूर घाट उतरून गेलं की मलकापूर, खामगाव, शेगाव घाटाखाली. आजीला विचारायचं असतं ते उन्हाळ्याचं, वर बुलडाण्याला संध्याकाळी अंगणात बसता येतं आणि खाली मे महिन्यात रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या असतात, तिथे पोरगी कशी निभावेल ही काळजी.

आणि आजीची ही वाटणी बरीच जुनी आहे बरं का, वऱ्हाडाचे पूर्वी दोन भाग म्हणायचे, बालाघाट आणि पाईनघाट. फारसीत बाला म्हणजे वरचं, पाईन म्हणजे खालचं, म्हणजे आजी जे बोलते तेच दरबारी भाषेत. पाईनघाट हे नाव बोलण्यातून गेलं, बालाघाट मात्र इतकं ठिकठिकाणी चिकटलं की बीडकडच्या डोंगररांगेचंही तेच नाव आणि गोंदियाला लागून मध्य प्रदेशात आख्खा जिल्हाही त्याच नावाचा. तेव्हा मैत्रिणीला सांगा, घाट म्हटलं की आधी विचारायचं, कुठला.

स्थळाचं काय झालं ते कळवा. घाटाखालचं असेल तर कूलर आधी बघून घ्या.