आधी महिनाभर नुसतं पळ
लेकरा, व्यायामाला सुरुवात कशानं करू, कुस्ती, जिम की ट्रेकिंग, असा घोळ घालत बसू नकोस. आधी महिनाभर नुसतं पळ. आपल्या बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे ३००० मीटर स्टीपलचेस पळतो. त्यात २८ अडथळे अन् ७ पाण्याच्या उड्या! २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं रौप्यपदक आणलं. तुला एवढ्यात ते नको. उन्हाळ्यात इकडं आठलाच चटके बसतात, म्हणून पाचला ऊठ. डांबरी सडक सोड, शिवारातली मातीची वाट धर. बोलता येईल एवढ्याच वेगानं पळ. धाप लागली की चाल. मी पहिल्याच आठवड्यात हौसेनं दहा किलोमीटर ओढले अन् पंधरा दिवस नडगी धरून बसलो. आई हळद लावायची, वर शिव्याही घालायची. बूट घेताना अंगठ्यापुढं बोटभर जागा ठेव.