टर्बोची गाडी अन् पांदणीचा रस्ता

टर्बो गाड्यांबद्दल बरीच पत्रं साचली होती. सारखे प्रश्न एकत्र करून घेतले आहेत.

प्रश्न : शेत गावापासून चार किलोमीटर, सगळी पांदण, जमीन काळी. टर्बो डिझेल घेतली तर पावसाळ्यात फसणार नाही ना? (उमरखेड)

फसणार, भाऊ. टर्बो ताकद देतो, चिखलात लागते ती पकड. टर्बोत सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुरावर एक पंखा फिरतो आणि त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. हजार-बाराशे आरपीएमवर (मिनिटाला इंजिनाचे फेरे) धूरच कमी, म्हणून टर्बो झोपलेला असतो. गाडी अडली की आपण चिडून ॲक्सिलरेटर दाबतो. मग टर्बो एकदम जागा होतो, चाकं जागच्या जागी गरगरतात आणि गाडी एक्सलपर्यंत बसते. त्यात आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि टायरच्या खाचा लिंपून टाकते. चार चाकांना जोर असला तरी चारही टायर गुळगुळीतच.

घ्यायचीच तर लो-रेंजवाली (हळू वेगात जास्त जोर देणारा गिअर असलेली) फोर बाय फोर घ्या, टायर मड-टेरेनचे, म्हणजे चिखलासाठीचे टाका आणि ॲक्सिलरेटर एकसारखा धरून, मध्ये न थांबता काढा. नुसता ‘टर्बो’ बिल्ला बघून पैसे मोजू नका. भर पावसात मी तरी गाडी डांबरीवर उभी करून ट्रॅक्टरनंच जाईन.

प्रश्न : आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. टर्बो तग धरेल? (अकोट)

धरेल. गरम हवा विरळ असते, म्हणून टर्बोतून निघालेली हवा इंटरकूलरमध्ये थंड करून मगच इंजिनात जाते. खरी भानगड त्या इंटरकूलरच्या तोंडाशी असते. कापसाच्या हंगामानंतर समोरची जाळी काढून बघा. रुई, कुसळं, किडे आणि धूळ यांचा नमदा बसलेला दिसेल. हलक्या दाबाच्या हवेनं तो मागून पुढे उडवा. वॉशिंग सेंटरवाल्याला नोझल जवळ नेऊ देऊ नका, बारीक पत्रे लगेच वाकतात.

आणि चिखलदऱ्याचा घाट चढून गेलात किंवा भरलेला माल घेऊन आलात, की चावी लगेच फिरवू नका. मिनिट-दोन मिनिटं इंजिन चालू राहू द्या. टर्बोचा दांडा लाखाच्या वर आरपीएमनं फिरतो, तोही तेलाच्या पातळ थरावर. इंजिन बंद झालं की तेल थांबतं आणि तापलेल्या बेअरिंगमध्ये जळून त्याचा कोळसा होतो.

प्रश्न : डीईएफ महाग पडतं. खताच्या पोत्यातला युरिया पाण्यात विरघळवून, गाळून टाकला तर? (कळंब)

नका टाकू. डीईएफ म्हणजे डिझेलचा धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरायचं द्रावण : 32.5 टक्के अतिशुद्ध युरिया आणि बाकी क्षार काढलेलं पाणी. पोत्यातल्या युरियावर निंबोळी तेलाचा लेप असतो. देशात तयार होणाऱ्या सगळ्या युरियाला तो 2015 पासून सक्तीचा आहे. हे तेल आणि बोअरच्या पाण्यातले क्षार कपड्यानं गाळून जात नाहीत. ते डीईएफच्या इंजेक्टरवर आणि धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिस्टवर बसतात, आणि तो खर्च ऐकून डीईएफ स्वस्त वाटेल. शिवाय अनुदानाचं खत शेतीबाहेर वापरणं गुन्हा आहे, ते वेगळंच. डीईएफचा डबा टिनाच्या शेडमध्येही ठेवू नका, 30 अंशांच्या वर ते लवकर खराब होतं.

प्रश्न : डीपीएफचा दिवा सारखा लागतो. (दर्यापूर)

घर-शेत-बाजार एवढ्यावरच गाडी फिरत असणार. डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. आतली काजळी जळायला तो चांगला तापावा लागतो. अधूनमधून हायवेला अर्धा तास एका वेगात पळवा. तरी दिवा राहिला तर वर्कशॉप गाठा.

प्रश्न : भाचा कॅनडात आहे. त्याला बर्फावरची टर्बो फोर-स्ट्रोक स्नोमोबाइल घ्यायची आहे. टू-स्ट्रोक बरी की ही? (वरूड)

विदर्भातून हाही प्रश्न येईल असं वाटलं नव्हतं! दाबून केलेल्या ट्रेलवर लांब फिरायचं असेल तर फोर-स्ट्रोक. पेट्रोल कमी पिते, तेल जाळत नाही, पण वजन जास्त. मऊ, खोल बर्फात रुतली की ओढून काढताना घाम फुटेल. स्की-डू या ब्रँडचं 900 एस टर्बो आर इंजिन 180 हॉर्सपॉवरचं आहे. यामाहाची 998 सीसीची साइडवाइंडर त्याहून जोरदार, पण 2025 च्या मॉडेलनंतर यामाहानं स्नोमोबाइल बंद केल्या. जुनी घेताना जवळच्या डीलरकडे स्पेअर मिळतात का, हे आधी विचारायला सांगा. स्नोमोबाइलचं इंजिन खालच्या फिरत्या पट्ट्यानं उडवलेल्या बर्फावर थंड होतं. वाट कडक झाली की बर्फ उडत नाही आणि इंजिन तापतं. म्हणून बर्फ खरवडणारे स्क्रॅचर लावूनच घे म्हणावं.

प्रश्न : जुनी टर्बो डिझेल बघायला जातोय. काय तपासू? (तुमसर)

सकाळी इंजिन थंड असतानाच पोहोचा. मालकानं आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी या. स्टार्ट करून धूर बघा, निळा असेल तर तेल जळतंय. इंटरकूलरची रबरी नळी सोडवून आत बोट फिरवा. बोट नुसतं ओशट झालं तर चालतं, तेल साचलेलं नको. मग टर्बोच्या तोंडातून दांडा चिमटीत धरून हलवा. बाजूला किंचित हलला तर हरकत नाही, पण पुढेमागे सरकलेला जाणवता कामा नये. पात्यांची टोकं घासलेली नकोत. शेवटी एअर फिल्टर काढून तिथून इंजिनाकडे जाणारी नळी आतून पुसून बघा. फडक्यावर माती आली तर भावताव करत बसू नका, ते इंजिन आतून घासलेलं आहे.