नहरीला पूल कशाला?

प्रश्न : काकाजी, नमस्कार. माझं माहेर महालातलं, सासर मौद्याकडचं. सासरच्या वाटेवर एक गंमत दिसते. खालून नाला वाहतो आणि त्याच्या डोक्यावरून, दगडी पुलावरून, नहर जाते. परवा लेकाच्या पुस्तकात रोमन लोकांचा तसाच, पण तीन मजली पूल पाहिला. तो म्हणतो, पाण्याला जोर यावा म्हणून ते उंचावरून नेतात. खरं का? आणि एवढा खर्च करण्यापेक्षा नहर नाल्यात उतरवून पलीकडे चढवली तर काय बिघडतं? — एक वाचक, नागपूर

उत्तर : ताई, जोराचा इथं काही संबंध नाही. नहर नुसत्या उतारावर चालते, म्हणून असलेली उंची वाया जाऊ नये, एवढ्यासाठीच हा पूल. पाटबंधारे खात्यात आम्ही त्याला जलसेतू म्हणायचो, कागदावर. तोंडी ‘अ‍ॅक्विडक्ट’च.

लेकाच्या पुस्तकातला पूल बहुधा फ्रान्समधला पाँ द्यू गार असावा. उंची 49 मीटरच्या आसपास. पण त्या कामाचं कसब पुलात कमी, उतारात जास्त आहे. नीम नावाच्या शहराला पाणी नेणारा तो मार्ग सुमारे 50 किलोमीटरचा, आणि एवढ्या लांबीत सगळा मिळून उतार फक्त 12-13 मीटर. किलोमीटरला सरासरी 25 सेंटिमीटर, म्हणजे आपली एक वीत. झिरो माइलपासून विमानतळापर्यंत पाट खणत गेलात तर शेवटाला तो माणसाच्या उंचीएवढाच खाली उतरलेला असेल. हे त्यांनी दुर्बिणीच्या लेव्हलशिवाय साधलं! बरं, त्यातला बराचसा मार्ग जमिनीखालून जातो, म्हणून फोटोत येतो तो फक्त पूल. जमिनीखालून पाणी नेलेलं पाहायचं तर फार लांब जायला नको, बुऱ्हाणपूरला जा. अब्दुर रहीम खान-ए-खानान याच्या काळातला, 1615 चा कुंडी भंडारा अजून आहे. सातपुड्यातून झिरपणारं पाणी भुयारानं शहराकडे आणलंय आणि वर विहिरींसारख्या कुंड्यांची रांग.

उतार जास्त दिला तर पाणी तळ खरवडतं. कमी दिला तर गाळ बसतो, काठानं बेशरमाची झुडपं माजतात आणि शेवटच्या शेतकऱ्याला पाणी पोचत नाही. मग तो कचेरीत येऊन आमच्या नावानं शंख करतो, आणि त्याचं चुकत नाही.

आता उतरवून चढवायचं. उघड्या पाटाचं पाणी खाली गेलं की आपणहून वर येत नाही. बंद नळीतलं येतं. गवंडी लेव्हल बघायला पाण्याची पारदर्शक नळी धरतात ना, मध्ये कितीही लोंबली तरी दोन्ही टोकांना पाणी सारखंच? तसंच हे, फक्त पाणी वाहतं ठेवायला पलीकडचं टोक जरा खाली ठेवावं लागतं. त्याला सायफन म्हणतात. रोमन लोकांनी शिशाच्या नळ्या घालून काही ठिकाणी तेही केलं. पण नळी जितकी खोल जाईल तितका आत दाब, आणि सांधे उकलायची भीती. नाला नहरीहून पुरेसा खोल असेल तर पूलच बरा.

पूल सहसा दगा देत नाही. दगा देतो तो त्याच्या कडेचा मातीचा भराव. नोकरीच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. ऑक्टोबर होता, धान निसवत होता, नहर भरून चालली होती. पाटकरी संध्याकाळी सायकलवर आला आणि म्हणाला, साहेब, पुलाच्या भिंतीच्या कडेनं धार लागली. मी जाऊन पाहिली. सुतासारखी, स्वच्छ. म्हटलं, सकाळी बघू. धार स्वच्छ असते तोवर घाबरायचं नाही, गढूळ झाली की आतली माती निघाली समजायचं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पुस्तकात हे नव्हतं की ती रात्री बारा वाजता गढूळ होते. पहाटे दहा-बारा फूट भराव वाहून गेला होता. नाल्यावर पूल मात्र तसाच उभा, एका बाजूनं नहरच नाही! खालच्या बांध्यांत गाळ. खेकड्यांची बिळं होती, हे खरं. पण भराव काळ्या मातीचा होता, उन्हाळ्यात भेगाळलेला, आणि दगडाला चिकटून नीट ठोकलेला नव्हता. झालेलं काम तपासून नोंदवायच्या मोजमाप पुस्तकात त्या कामावर सही माझी होती.

प्रश्न : मग पेंचचं पाणी नागपुरात पाइपातून आणतात, तसं शेतालाही का नाही? — तीच वाचक

उत्तर : नागपूरचं पाणीही आधी पेंचवरच्या नवेगाव खैरीच्या धरणातून उघड्या कालव्यानंच महादुल्याच्या पंपघरापर्यंत यायचं. झिरपायचं, मे महिन्यात उडायचं, वाटेत कुणी उपसायचं. म्हणून 2300 मिलिमीटर व्यासाचा पाइप टाकला. माणूस आत ताठ उभा राहील एवढा. शहराच्या नळांना तेवढं पुरतं. पण धानाच्या बांध्या भरायला नहर जेवढं पाणी नेते तेवढ्याला असे किती पाइप लागतील, आणि ते पैसे कोण देणार? नहरीतून शेतांकडे फुटणाऱ्या लहान वितरिकांना आता पाइप घालतायत, ते बरं चाललंय. आणि महादुल्यानंतर उताराचं काही चालत नाही. तिथून पाणी पंपानं गोरेवाड्याच्या जलशुद्धीकरण केंद्राला चढवावं लागतं. तुमच्या माहेरी ‘वीज गेली म्हणून पाणी नाही’ ऐकू येतं, ते बरेचदा यामुळे.