पटावरचं एक नाव

मी मुलांचं आणि पालकांचं समुपदेशन करते. मे महिन्याच्या अखेरीस माझ्याकडे एकाच प्रश्नाचे फोन सुरू होतात. पूर्वी तो प्रश्न ‘मराठी माध्यम की इंग्रजी’ असा असायचा. आता पालक विचारतात, "मॅडम, आमच्या गावात जिल्हा परिषदेची शाळा आहे. पण पाच-सहा किलोमीटरवरच्या गावातली जिल्हा परिषदेचीच शाळा फार चांगली आहे. मुलीला तिकडे घातलं तर चुकेल का?"

दोन्ही शाळा सरकारी. दोन्हीकडे फी नाही, पुस्तकं बालभारतीचीच, दुपारची खिचडी एकाच योजनेतली. तरी एकीच्या दारात प्रवेशासाठी गर्दी आणि दुसरीच्या पटावर जेमतेम वीस मुलं. शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेसाठी प्रतीक्षायादी लागायची, हे आपण सगळ्यांनी वाचलं. तेवढं नाव झालेलं नसलं तरी आसपासच्या चार गावांची मुलं ओढून घेणारी एखादी शाळा आता बऱ्याच तालुक्यांत सापडते.

हा प्रश्न विचारताना पालकांचा आवाज खाली येतो. इंग्रजी शाळेची पिवळी गाडी दारात येते तेव्हा गाव फारसं काही बोलत नाही. पण एका सरकारी शाळेतून नाव काढून दुसऱ्या सरकारी शाळेत घातलं, की पारावर विचारतात, "आपल्या शाळेला काय झालं होतं?" या प्रश्नाचं उत्तर घरात कुणाकडेच नसतं. मग त्याचं ओझं कुठेतरी उतरतं. ते कुठे उतरतं, हे मला एका मुलीने शिकवलं. तिला आपण सई म्हणू. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

सई आठ वर्षांची, दुसरी संपवून तिसरीत जाणारी. फेब्रुवारीपासून रोज सकाळी तिचं पोट दुखायचं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, काही निघालं नाही, म्हणून त्यांनीच माझ्याकडे पाठवलं. वडील शेतकरी आणि गावच्या शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष. शाळेची जागा सईच्या पणजोबांनी दिलेली. आईचं माहेर पलीकडच्या, चांगल्या शाळेच्या गावातलं. भाचरं तिथे इंग्रजी वाचतात, शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसतात, हे ती डोळ्यांनी बघत होती.

"पलीकडच्या शाळेचा विषय काढला की हिचं पोट दुखतं. म्हणजे तिला जायचंच नाही," वडील म्हणाले.

"इथे दोन वर्षं एकच सर चार वर्ग घेतात. कंटाळून दुखतं तिचं," आई म्हणाली.

मुलीचं दुखणं दोघांनीही आपापल्या बाजूने वापरलं होतं. माझ्या एकोणीस वर्षांच्या कामात ही गोष्ट मी इतक्या वेळा पाहिली आहे, की मूल कधीच एकटं दुखत नाही, असं मी मानते. दुखण्याचा पत्ता मुलाच्या अंगावर असतो, पण पत्र साऱ्या घराच्या नावाने आलेलं असतं.

वडिलांना मी एकटं भेटले. "तुमच्या मते कुठली शाळा बरी?"

"पलीकडचीच," ते चटकन म्हणाले आणि मग टेबलाकडे बघत राहिले. "पण अध्यक्षाचीच पोरगी गेली तर बाकीचे कशाला थांबतील? एकवीस पोरं आहेत, मॅडम. वीसच्या खाली गेलं की संपलं."

वीस या आकड्याचा धसका गावोगाव आहे. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याचा विचार पुढे आला. तेव्हापासून छोट्या गावांत पोरं मोजण्याची सवयच लागली.

"हे सगळं घरात बोलता?"

"रोजच. दुसरं काय बोलणार?"

पुढच्या वेळी सई आणि मी दोघीच बसलो. शाळेविषयी मी तिला काही विचारलं नाही. माझ्या टेबलावर चिंचोक्यांची एक डबी असते. मुलं बोलत नसली की ती डबी मी त्यांच्यापुढे सरकवते. सईने चिंचोके ओतले आणि न बोलता चार ओळी लावल्या. पाच, चार, सात, पाच. मी मोजले, एकवीस होते.

"हे काय गं?"

"आमची शाळा."

दुसऱ्या ओळीतला एक चिंचोका तिने उचलून बाजूला ठेवला. "ही मी." मग त्याच ओळीतला आणखी एक उचलला. "मी गेले की ही पण जाणार. तिची मम्मी म्हणाली." मग पहिलीतला एक आणि चौथीतला एक. "हे दोघं भाऊ आहेत, ते एकटे नाही राहणार." उरलेल्या चिंचोक्यांकडे ती थोडा वेळ बघत राहिली. मग दोन्ही हातांनी गोळा करून डबीत टाकले आणि झाकण लावलं.

"आता बंद."

"आणि सर?"

"त्यांची बदली."

"शाळेचं काय झालं?"

"तिथे शेळ्या बांधतात."

"हे कुणामुळे झालं, सई?"

ती बोलली नाही. तिचा हात पोटावर गेला.

मी कितीतरी वेळ गप्प बसले होते. नव्या शाळेची तिला भीती नव्हती आणि जुन्या शाळेचा कंटाळाही नव्हता. जेवताना, झोपताना, अंगणात मोठ्यांचं बोलणं ऐकून तिने साधा हिशोब केला होता: शाळा उभी आहे ती माझ्यावर. शाळेला शिक्षकांची किती पदं मिळणार, म्हणजे संचमान्यता, ती पटावर ठरते, हा शिक्षण खात्याचा नियम. तो एका आठ वर्षांच्या मुलीने पोटात धरून ठेवला होता.

शेवटच्या काही बैठकींपैकी एकीला आई, वडील, आजी आणि सई असे सगळे होते. मी वडिलांपुढे तीच डबी ठेवली आणि म्हटलं, "गावची शाळा चांगली चालणं हे ज्यांचं ज्यांचं काम आहे, त्यांचा एकेक चिंचोका मांडा." त्यांनी सरांचा मांडला, मग स्वतःचा, सरपंचांचा, केंद्रप्रमुखांचा, गटशिक्षणाधिकाऱ्यांचा, जिल्हा परिषदेचा, मंत्रालयाचा. आजी म्हणाली, "माझाबी ठेव. जागा आपली हाय." सई एकेक चिंचोका निरखत होती. शेवटी तिने विचारलं, "मी कुठे?"

वडिलांना बोलायला वेळ लागला. "तू यात नाहीस, बाळा. हे आमचं मोठ्यांचं काम. तू जाशील तिथे शिकायचं फक्त."

सईने डबीतून एक चिंचोका घेतला, फ्रॉकच्या खिशात टाकला आणि आईला म्हणाली, "भूक लागली."

इतक्या वर्षांत एवढ्या कमी शब्दांत सुटलेली गाठ मी क्वचितच पाहिली. त्यानंतर मी पालकांना एकच गोष्ट आवर्जून सांगते. तुमच्यापुढे दोन प्रश्न आहेत आणि ते वेगळे आहेत. माझ्या मुलीने कुठे शिकावं, हा पहिला. त्याला मुदत असते आणि तो आईवडिलांनी सोडवायचा असतो. गावच्या शाळेचं काय, हा दुसरा. तो मुलगी तिथे असली तरी तुमचा आहे, आणि नसली तरी तुमचाच. पहिल्या प्रश्नाचं उत्तर देताना दुसऱ्याची किंमत मुलीकडून वसूल करू नका. मूल दुसरीकडे घातलं म्हणून गावच्या शाळेवरचा तुमचा हक्क संपत नाही. आणि मूल गावात ठेवलं म्हणून शाळेसाठी काही केलं, असंही होत नाही.

कायद्याबाबत पालकांच्या मनात उगाच भीती असते. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यानुसार आपल्या राज्यात पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा हवी. ही शासनावरची जबाबदारी आहे, मुलाभोवतीचं कुंपण नाही. एका सरकारी शाळेतून दुसऱ्या सरकारी शाळेत जाण्याचा हक्क त्याच कायद्यात आहे. मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा असतो, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही. प्रवेशासाठी मुलाची परीक्षा घेता येत नाही आणि देणगीही मागता येत नाही, मग शाळेचं नाव कितीही मोठं असो. मात्र घराजवळ शाळा असताना लांबची निवडली, तर जाण्यायेण्याचा खर्च तुमचा. पाचवीपासूनच्या ग्रामीण मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो. सईसारख्या लहानांना जीप किंवा वडिलांची मोटारसायकल हेच साधन.

शाळा बघायला स्नेहसंमेलनाच्या दिवशी जाऊ नका. साध्या मंगळवारी जा आणि वर्गातलं सर्वांत मागे पडलेलं मूल काय करतंय ते बघा. त्याच्याजवळ कुणी बसलेलं असेल, तर ती शाळा चांगली. रंगवलेल्या भिंती आणि टॅब बघून भुलू नका. मोठ्या कंपन्यांना नफ्यातला काही वाटा समाजकार्यावर खर्चावा लागतो आणि तो देताना आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायचं, असं २०१३ चा कंपनी कायदाच सांगतो. त्यामुळे एमआयडीसीला लागून असलेल्या गावच्या शाळेला संगणक मिळतात आणि डोंगराकडच्या शाळेला गळकं छप्पर. यात ना त्या शिक्षकांचा मोठेपणा, ना या शिक्षकांचा दोष. आणि हेही विचारा, की इथले शिक्षक किती वर्षं आहेत. बऱ्याच नावाजलेल्या शाळा एक-दोन माणसांच्या जिवावर उभ्या असतात, आणि बदलीचा आदेश त्यांनाही येतो.

पहिली-दुसरीच्या मुलाला अर्ध्या तासाहून जास्त प्रवास करायला लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पुढे चालतं. निर्णय झाला की चर्चा बंद करा. जुन्या शाळेला आणि जुन्या सरांना मुलासमोर नावं ठेवू नका, कारण त्याचं पहिलं अक्षर तिथलं आहे. वाडीतले जुने मित्र संध्याकाळी खेळायला हवेतच, नाहीतर मूल दोन्ही गावांना परकं होतं. आणि पट, पदं, बदल्या हे शब्द जेवणाच्या ताटावरून उठवा.

सई जूनमध्ये पलीकडच्या शाळेत गेली. पोटदुखी दोन-तीन आठवड्यांत थांबली. पावसात जीप आली नाही त्या एका सकाळी पोट पुन्हा दुखलं आणि थांबलं. वडिलांचं अध्यक्षपद गेलं, कारण समितीत पालकांच्या जागेवर तेच बसू शकतात ज्यांचं मूल त्या शाळेत आहे. समितीत पाऊण सदस्य पालक हवेत आणि निम्म्या महिला. नव्या अध्यक्ष सईच्या त्या मैत्रिणीची आई झाल्या, त्यांनी मुलीला गावातच ठेवलं. साठपर्यंतच्या पटालाही कायद्याने दोन शिक्षक लागतात, ही ओळ अधोरेखित करून सईच्या वडिलांनी ग्रामसभेत अर्ज दिला. काही जणांनी टोमणे मारले. ते बसून राहिले आणि ठराव करून घेऊनच उठले.

३० सप्टेंबरचा पट मोजून झाल्यावर त्यांचा फोन आला. एकोणीस मुलं. दुसऱ्या शिक्षकाचा प्रस्ताव तालुक्याला अडकलेला. सईचा धाकटा भाऊ अंगणवाडीत आहे, जूनमध्ये त्याचं नाव पहिलीत घालायचं. कुठे, ते अजून ठरलेलं नाही.

"आता आम्ही दोघं पोरं झोपल्यावर बोलतो, मॅडम," ते म्हणाले.